अजित वाडेकर: नशीबवान कप्तान की खरंच मोठा कप्तान?

कातळशिल्प
मंडळी, भातकापणी उरकली की आमच्याकडे मळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. परवा सेमीफायनलला बॉल पऱ्ह्यात गेला, दुसरा आणायला एक पोरगा बाजारात पळाला आणि तेवढ्यात मांडवात वाद पेटला: भारताचा सगळ्यात मोठा कप्तान कोण? पोरांचं घोडं धोनी की रोहित इथंच अडलेलं. मी वाडेकरांचं नाव घेतलं तर स्कोअर लिहिणारा म्हणतो, "काका, ते लकी होते. गावसकर, सरदेसाई, चंद्रशेखर हाताशी असल्यावर कोणीही जिंकेल."

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९७१ पर्यंत आपण वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवलं नव्हतं आणि इंग्लंडमध्ये जाऊन एकही कसोटी जिंकली नव्हती. त्या एका वर्षात या माणसाने दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. मग १९७२-७३ ला इंग्लंड इथं आलं, त्यांना २-१ ने हरवलं. लागोपाठ तीन मालिका. नशीब एकदा साथ देतं, दोनदा देतं. तीनदा?

तुम्हाला काय वाटतं? शिव्या चालतील, फक्त कारणासकट द्या.

मांडवी_एक्सप्रेस
काका, आदर राखून सांगतो, तुलना होऊच शकत नाही. धोनीकडे २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक, २०११ चा विश्वचषक, २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. वानखेडेवर फायनलला युवराजच्या आधी स्वतः उतरला आणि नाबाद ९१. याला म्हणतात कप्तान. वाडेकर फक्त १६ कसोट्यांत कप्तान होते, त्यात ४ जिंकल्या, ४ हरल्या, ८ ड्रॉ. आकडे बोलतात.

तिरफळ
आमच्या वाडीत अजून एकच नियम आहे. ज्याचा बॉल तो कप्तान. धोनी असो नाहीतर वाडेकर, बॉल आणला नाही तर फाइन लेगला उभे राहा.

कातळशिल्प
@तिरफळ, आमच्यात एंट्री फी भरणारा मुंबईचा चाकरमानी कप्तान असतो. बॅटिंगला पहिला, फिल्डिंगला सावलीत.

पन्हळेकाजी
@मांडवी_एक्सप्रेस, आकडे बोलतात, पण काही गोष्टी आकड्यांत येत नाहीत. किंग्स्टनची पहिली कसोटी घे. ती ड्रॉ झाली, म्हणजे तुझ्या हिशोबात शून्य.

पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५ अशा अवस्थेतून ३८७ पर्यंत पोचला. सरदेसाई २१२, सोलकर ६१. मग वेस्ट इंडिज २१७ वर गारद. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला (म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा बॅटिंगला लावायला) २०० ची आघाडी लागते, म्हणून सगळे निवांत. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जाणार होता, आणि चार दिवसांच्या सामन्यात १५० पुरतात. वाडेकरांना हा नियम पक्का ठाऊक होता. ते सरळ यजमानांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचे कप्तान सोबर्स यांना सांगून आले की पुन्हा बॅटिंग तुमचीच.

त्यांच्याच देशात, त्यांच्याच लोकांसमोर, सोबर्सच्या संघाला भारताने फॉलोऑन दिला! दुसऱ्या डावात कन्हाय नाबाद १५८, सोबर्स ९३, सामना वाचला. पण हे लोक हरू शकतात, हे आपल्या पोरांच्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला ७ विकेट्सनी जिंकलो. आता यात नशीब कुठे आहे ते दाखव. पाऊस? तो दोघांवर पडला होता.

सुरंगी
मी विरुद्ध बाजूने बोलते, कारण इथे सगळे एकाच होडीत बसायला लागले आहेत.

वाडेकरांना कप्तानपद मिळालं ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. समोर होते तोवरचे कप्तान पतौडी. आणि वाडेकरांच्या हाती जो संघ आला तो कोणी घडवला? बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट, चारही फिरकीपटूंवर विश्वास टाकला तो पतौडींनी. परदेशातली पहिली मालिका जिंकली तीही त्यांनीच, १९६८ ला न्यूझीलंडमध्ये ३-१. गंमत म्हणजे वाडेकरांचं एकमेव कसोटी शतक, १४३, त्याच दौऱ्यात वेलिंग्टनला, पतौडींच्या हाताखाली. कलम एकाने बांधलं, आंबे दुसऱ्याने उतरवले. आंबे उतरवणं सोपं नसतं, मान्य. पण बागाईतदार कोण?

पन्हळेकाजी
@सुरंगी ताई, मुद्दा बरोबर आहे, पण पतौडींचे ४० कसोट्यांत ९ विजय आणि १९ पराभव हेही त्याच खात्यात लिहा. पतौडींनी संघाला जिंकायची इच्छा दिली. हरायचं कसं नाही, हे वाडेकरांनी शिकवलं. मुंबईची रणजीतली शिस्त ती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं मुंबई रणजी विजेती होती, वाडेकर त्या गिरणीतून निघालेले. आधी सामना सुरक्षित करायचा, मग समोरच्याच्या चुकीची वाट बघायची.

सुरंगी
म्हणजे कंटाळवाणं क्रिकेट. सरळ सांगा ना.

पन्हळेकाजी
कंटाळवाणंच. पण जिंकणारं.

मडगावचो_पाहुणो
सरदेसाईंचं नाव आलं म्हणून गोव्याचा हक्क सांगायला आलो. दिलीप सरदेसाई आमचे मडगावचे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी त्यांचं नाव जवळजवळ कटलं होतं. वाडेकरांनी हट्ट धरला म्हणून घेतलं. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे, मालिकेत ६४२ धावा. गावसकरांच्या ७७४ मुळे लोक हे विसरतात, पण गावसकर पहिल्या कसोटीत नव्हतेच. त्या मालिकेचं दार उघडलं ते सरदेसाईंनी.

स्कोअर लिहिणाऱ्या पोराला सांगा, खेळाडू "मिळत" नाहीत. कोणाला घ्यायचं यासाठी कोणीतरी बैठकीत भांडावं लागतं.

तिरफळ
मडगावचे पाहुणे आले, आता धाग्यावर फेणीचा विषय निघणार.

मडगावचो_पाहुणो
तुमची कोकम सरबताची पातेली बाजूला ठेवा, मग बोलू.

दापोलीचे_मास्तर
उशिरा आलो. इंग्लंडविरुद्धच्या ओव्हलच्या कसोटीविषयी कोणीच लिहिलं नाही याचं नवल वाटलं.

२४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. कोकणात त्या दिवशी काय असतं ते तुम्हाला माहीत आहेच. मुंबईचे सगळे घरी, पडवीत पानं मांडलेली, माटवीला कवंडळं नि तेरडा. आमच्या आळीत एकाच घरी चांगला रेडिओ. दुपारपासून तिथे गर्दी. खरखरीतून इंग्रजी शब्द यायचे, ज्याला कळतील त्याने बाकीच्यांना सांगायचं. बहुतेकांना फक्त नावं कळायची, आणि नाव कोणत्या सुरात उच्चारलं त्यावरून आउट की चौकार ते ठरवायचं.

जिंकायला १७३ हव्या होत्या. आदल्या दिवशी २ बाद ७६. त्या सकाळी वाडेकर ४५ वरच धावचीत झाले आणि पडवीत सुतक पडलं. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, फारुख इंजिनियर शेवटपर्यंत टिकले. आबिद अलींनी चौकार मारला तेव्हा तिकडे दुपार होती, इकडे दिवेलागण झालेली, आरतीची वेळ. ज्यांच्या घरी रेडिओ त्यांचे आजोबा ओरडले, "अरे, आता तरी टाळ घ्या हातात!" आरती त्या दिवशी दुप्पट वेगात झाली.

तिकडे मैदानावर आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून एक हत्तीण आणली होती, बेला नावाची. चतुर्थीला हत्ती! हे आम्हाला नंतर पेपरात वाचून कळलं. त्या रात्री कळलं असतं तर आजोबांनी मॅचचं सगळं श्रेय बाप्पाला देऊन टाकलं असतं, वाडेकरांना एक मोदकही उरला नसता.

उकडीचा_मोदक
मास्तर _/\_

वेंगुर्ल्याचो_झील
मास्तरांनू, आमच्या आज्याक इचारलंय. तो म्हणता, वाडेकार झोपलो म्हणान म्यॅच जिंकलो. जागो ऱ्हवलो असतो तर सगळ्यांका टेन्शन दिल्यान असतां.

मांडवी_एक्सप्रेस
झोपले म्हणजे?

पन्हळेकाजी
खरी गोष्ट आहे. धावचीत झाल्यावर वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपले. सामना जिंकल्यावर इंग्लंडच्या केन बॅरिंग्टननी त्यांना उठवून सांगितलं. तुमचा धोनी "कॅप्टन कूल" ना? हे त्याच्या दहा वर्षं आधीचं... म्हणजे धोनीच्या जन्माच्या दहा वर्षं आधीचं.

मांडवी_एक्सप्रेस
हा पॉइंट घेतला. पण झोप हे नेतृत्व कसं?

दापोलीचे_मास्तर
बाळा, त्याच्या आधीचा दिवस बघ. इंग्लंडला पहिल्या डावात ३५५ वि. २८४ अशी ७१ ची आघाडी होती. मग दुसऱ्या डावात चंद्रशेखरनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ वर सर्वबाद. हे चंद्रशेखर १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर या मालिकेपर्यंत कसोटी खेळलेच नव्हते. लहानपणी पोलिओ झालेला हात. चेंडू कुठे पडेल ते कधी कधी त्यांनाही ठाऊक नसे. अशा गोलंदाजाला सावध कप्तान दोन चौकार गेले की काढून टाकतो. वाडेकरांनी त्यांच्या हातून चेंडू काढला नाही. सावध माणूस नेमका कुठे धीट होतो, ते बघावं.

एक किस्सा: एडरिच खेळायला आले तेव्हा सरदेसाई चंद्रांना म्हणाले, "मिल रीफ टाक." मिल रीफ हा तेव्हाचा गाजलेला शर्यतीचा घोडा, म्हणजे चंद्रांचा वेगवान चेंडू. एडरिचची बॅट खाली यायच्या आत दांडी गुल.

पन्हळेकाजी
आणि क्षेत्ररक्षण! फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर, हेल्मेट नाही, २७ कसोट्यांत ५३ झेल. ओव्हललाच वेंकटच्या चेंडूवर नॉटचा घेतलेला तो झेल, अख्खं शरीर आडवं जमिनीलगत. स्लिपला स्वतः वाडेकर, ३७ कसोट्यांत ४६ झेल. वेगवान गोलंदाज नाहीत तर फलंदाजाच्या भोवती माणसांचं कुंपण घालायचं, ही सगळी योजना होती. वेस्ट इंडिजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणींना चेंडू दिला तोही तसाच. त्यांनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि लॉइडचा झेल मिडविकेटला स्वतः कप्तानाने घेतला. १७ षटकांत २१ धावा, २ बळी. दोन चेंडूंत मालिका फिरली म्हणा.

जयगड_बंदर
सगळं छान चाललंय, पण १९७४ च्या इंग्लंड दौऱ्याला कोणी हात लावत नाही. मी लावतो.

तीन कसोट्या, तीन पराभव. लॉर्ड्सला ४२ सर्वबाद, १७ षटकांत. एक डाव आणि २८५ धावांनी हार. सोलकर नाबाद १८, दुहेरी आकड्यात तेच एकटे. इंग्लंडचा ओला, गार उन्हाळा, ओल्ड आणि अरनॉल्डचा स्विंग, आपले फलंदाज बोटं आखडलेली. ते एक वेळ समजू शकतो. पण त्या दौऱ्यात संघ आतून फुटलेला होता. एका खेळाडूवर दुकानातून मोजे चोरल्याचा आरोप झाला, संघ उच्चायुक्तांच्या मेजवानीला उशिरा पोचला म्हणून दारातून परत पाठवला गेला. अशा वेळी कप्तान लागतो. जिंकताना गप्प राहणारा माणूस शांत वाटतो, हरताना तोच हरवलेला वाटतो. माझा मुद्दा एवढाच: वाडेकरांकडे संघ जोडून ठेवायची युक्ती होती, तुटलेला सांधायची नव्हती.

शिवाय प्रसन्नासारखा ऑफस्पिनर १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात एकही कसोटी खेळला नाही. वेंकट उपकप्तान, म्हणून वेंकट. जिंकलो म्हणून कोणी विचारलं नाही.

तिरफळ
४२ सर्वबाद म्हणजे आमच्या वाडीत पाच षटकांचा विजयी स्कोअर.

कातळशिल्प
@जयगड_बंदर, १९७४ बद्दल बोलताय तर लोकांनी काय केलं तेही लिहा. १९७१ ला इंग्लंडहून परतताना पंतप्रधानांना भेटण्यासाठी संघाला आधी दिल्लीला नेलं, मग मुंबईत विमानतळापासून मिरवणूक. इंदूरला त्या विजयाच्या आठवणीत काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली. तीन वर्षांनी त्याच बॅटीला डांबर फासलं आणि वाडेकरांच्या घरावर दगड पडले. नंतर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातही घेतलं नाही, आणि त्यांनी खेळणं सोडलं. वय ३३.

जयगड_बंदर
दगडांचं समर्थन कोण करतंय? मी कप्तानाविषयी बोलतोय.

मांडवी_एक्सप्रेस
हे वाचून रोहित आठवला. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक, मरीन ड्राइव्हवर समुद्रापेक्षा माणसं जास्त. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडकडून घरात ०-३. सहा महिन्यांनी, मे २०२५ ला, कसोटीतून निवृत्ती. मधे मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकला, तरी लोक ०-३ च काढतात. दोघेही मुंबईचे, दोघेही शांत, दोघांनाही तो ०-३ चिकटला.

सुरंगी
रोहित शांत? स्टंप माइक ऐकला नाहीस वाटतं.

उकडीचा_मोदक
😂

वेंगुर्ल्याचो_झील
कोण काय पण बोला, गावसकार आमच्या वेंगुर्ल्याच्या उभादांड्याचो. म्हणजे १९७१ आमचाच.

तिरफळ
आचरेकर सर मालवणचे. म्हणजे सचिनपण आपलाच. आडनावाच्या शेवटी "कर" दिसला की सातबारा काढायचा ही कोकणी सवय जायची नाही. या हिशोबाने वाडेकरही आपलेच आणि जहीर खानला पण "श्रीरामपूरकर" करून घेऊ.

दापोलीचे_मास्तर
विनोद सोडा, पण आचरेकर आणि वाडेकर दोघेही स्टेट बँकेचे. तेव्हा बँका, टाटा, निर्लॉन, मफतलाल यांचे संघ होते म्हणून खेळाडूची चूल पेटायची. वाडेकर आयुष्यभर बँकेत नोकरी करत राहिले. आज कप्तानाच्या जाहिराती मोजता येत नाहीत. तेव्हाच्या कप्तानाला दौऱ्यावरून आलं की सोमवारी टेबलावर जायचं असे.

मडगावचो_पाहुणो
मॅनेजर वाडेकर विसरू नका. १९९३ ला अझरचा संघ घरी इंग्लंडला ३-० हरवतो तेव्हा मॅनेजर वाडेकर. तीन फिरकीपटू, कुंबळे, राजू, चौहान. जुनाच डाव नव्या पोरांकडून. आणि १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली तेव्हा सचिन म्हणाला मला ओपनिंगला पाठवा. अझर आणि वाडेकरांनी पाठवलं. ४९ चेंडूंत ८२.

वेंगुर्ल्याचो_झील
शिमग्याचे दिवस होते ते. आमच्या घराकडे पालखी इल्ली, आणि आम्ही टीव्हीसमोर. आवशीन चुलीतला लाकूड काढल्यान.

जयगड_बंदर
मग १९९६ चा विश्वचषक पण लिहा. ईडन गार्डन्सला सेमीफायनलला टॉस जिंकून फिल्डिंग. १ बाद ९८ वरून ८ बाद १२०, बाटल्या, जाळपोळ, सामना श्रीलंकेला. तेव्हाही मॅनेजर वाडेकरच.

पन्हळेकाजी
त्या स्पर्धेत श्रीलंका पाठलाग करून सगळ्यांना झोडपत होती, म्हणून त्यांना आधी फलंदाजी दिली. विचार होता. खेळपट्टीने दगा दिला. किंग्स्टनला नियम वाचला म्हणून हुशार आणि कोलकात्याला खेळपट्टी वाचता आली नाही म्हणून मूर्ख, असं नको.

जयगड_बंदर
मूर्ख मी म्हटलंच नाही. पण हुशारीचं श्रेय त्यांचं आणि फसलं की खेळपट्टीचं, हे पण नको.

सुरंगी
मूळ प्रश्नाकडे येते, कारण धागा शिमग्याकडे निघाला.

माझं मत अजून पतौडींनाच. पण एक गोष्ट मला वाडेकरांची खरोखर आवडते, जी इथे कोणी लिहिली नाही. १९७२-७३ ला इंग्लंडविरुद्ध मधेच पतौडी संघात परतले, तोवर नवाबाचा किताब गेलेला, नुसते मन्सूर अली खान. ज्याला बाजूला सारून कप्तानपद मिळालं तोच माजी कप्तान आता आपल्या हाताखाली, प्रेक्षकांचा लाडका. दुसऱ्या कोणालाही असुरक्षित वाटलं असतं. चेन्नईला मन्सूर अलींनी ७३ काढल्या आणि भारत ४ विकेट्सनी जिंकला. मालिकाही जिंकली. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष बदलली तेव्हा जुन्या अध्यक्षबाई दोन वर्षं हळदीकुंकवाला आल्या नव्हत्या.

कातळशिल्प
ताई, हे मी स्कोअर लिहिणाऱ्याला नक्की ऐकवतो. नशिबात जुना कप्तान असणं हे बहुतेकांच्या बाबतीत दुर्दैव असतं.

मांडवी_एक्सप्रेस
काका, फायनल काय झाली तुमच्याकडे? कोण जिंकलं?

कातळशिल्प
चाकरमान्यांचा संघ. कप्तान ० वर आउट, पण बॉल त्याचाच होता.

तिरफळ
सांगितलं होतं.

वेंगुर्ल्याचो_झील
धागो शंभरी गाठता की काय? बघा हां, वाडेकार मेलबर्नाक ९९ वर आउट झाल्ले.